टोपलीभर रफ आणि एक चित्र: राजकीय व्यंगचित्रकाराचा दिवस, पायरीपायरीने

साडेसहाला चित्र गेलं पाहिजे. पावणेपाच वाजलेत, आणि समोरच्या कागदावर एक खुर्ची आहे. नुसती खुर्ची. तिच्यावर कोण बसलंय, ती का हलतेय, खाली भोवरा आहे की सुरुंग, काहीच ठरलेलं नाही. हात सवयीने काढत गेला आणि खुर्ची उतरली, कारण राजकारण म्हटलं की आधी खुर्चीच उतरते.

रोजचं राजकीय व्यंगचित्र काढणाऱ्यावर ही वेळ आठवड्यातून दोनदा तरी येते. चित्रकलेच्या वर्गात रेघ, छायाप्रकाश, शरीररचना सगळं शिकवतात. पावणेपाचच्या खुर्चीचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. या कामात यायचं असेल तर तेच आधी समजून घ्यावं लागतं. म्हणून इथे दिवसाच्या क्रमाने सगळं सांगतो: सकाळच्या वाचनापासून चित्र रवाना होईपर्यंत, आणि त्यानंतरची कटकटही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे काम चित्रकारापेक्षा स्तंभलेखकाच्या जवळचं आहे. फरक इतकाच, की स्तंभलेखकाला आठशे शब्द मिळतात आणि त्यात ‘तथापि’ लिहिता येतं. ‘तथापि’चं चित्र काढता येत नाही. व्यंगचित्रात एकच म्हणणं मावतं, त्यामुळे दिवसातला बराचसा वेळ बाकीची म्हणणी टाकून देण्यात जातो. हात चांगला असूनही या कामात न टिकलेले लोक मी पाहिलेत. टाकवत नाही, हीच त्यांची अडचण होती.

सकाळ: काय काढायचं नाही, हे ठरवणं

रोज किमान चार वर्तमानपत्रं वाचा, आणि त्यातलं एक तुम्हाला अजिबात न पटणारं असू द्या. पहिल्या पानावर काय आहे ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. खरा माल आतल्या पानांवर सापडतो: निविदेला तिसऱ्यांदा मुदतवाढ, विधिमंडळातलं एक ओळीचं उत्तर, भाषणाच्या बातमीत शेवटून दुसऱ्या परिच्छेदात गाडलेला आकडा. मी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारतो. डावीकडे काय घडलं ते, उजवीकडे ते वाचून मला काय वाटलं ते. उजवी बाजू कोरी राहिली तर तो विषय त्या दिवसापुरता सोडतो, मग बातमी कितीही मोठी असो.

उरलेल्या विषयांना दोन प्रश्न विचारायचे. उद्या सकाळी वाचकाला ही घटना न समजावता कळेल का? व्यंगचित्र बातमी देत नाही, आधीच कळलेल्या बातमीवर बोलतं. ‘त्याचं असं झालं की…’ अशी सुरुवात करावी लागली तर चित्र संपलं. दुसरा प्रश्न: संध्याकाळपर्यंत हे उलटणार तर नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मला फटका खाऊन कळलं. एका मंत्र्याने दुपारी राजीनामा दिला. मी चित्र काढलं: दारावरची नावाची पाटी तो स्वतःच स्क्रूड्रायव्हरने काढतोय आणि शिपाई शिडी धरून उभा आहे. चित्र झकास झालं होतं. रात्री नऊला राजीनामा मागे घेतला गेला. तोवर पान सुटलं होतं. सकाळी पहिल्या पानावर मंत्री खुर्चीत होते आणि आतल्या पानावर माझ्या शिडीपाशी. तेव्हापासून घटना दोलायमान असेल त्या दिवशी मी निकालाचं चित्र काढत नाही, हेलकाव्याचं काढतो. आज काढणार असतो तर पाटी एकाच स्क्रूवर लोंबकळत ठेवली असती. दोन्हीकडून खरी ठरली असती.

याच कारणासाठी खणात दोन ‘न शिळी होणारी’ चित्रं तयार ठेवावीत: महागाई, धूळ खाणारी फाइल, निवडणुकीनंतर गायब होणारं आश्वासन. ती फार धारदार नसतात. पण तापाने फणफणलेल्या दिवशी रिकाम्या चौकटीपेक्षा बरी.

काही विषय मी हात न लावता सोडतो. दुर्घटनेच्या पहिल्या दिवशी, ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्यावरून विनोद काढायचा नाही. काढायचंच असेल तर जबाबदार कोण, त्याच्यावर. आणि थोर माणूस गेला की रडणारे पुतळे, रडणारा नकाशा, स्वर्गाच्या दारातलं स्वागत, यांपासून लांब राहा. मी अशी दोन चित्रं काढली आहेत. दोन्ही वाचकांना आवडली, आणि दोन्हींची मला आजही लाज वाटते.

कल्पना: पावणेपाचची खुर्ची

आता खरं काम. आधी पेन्सिल खाली ठेवा आणि तुमचं म्हणणं एका पूर्ण वाक्यात लिहा, कर्ता आणि क्रियापदासकट. ‘भ्रष्टाचार’ हे वाक्य नाही. ‘राजकारणाची घसरण’ हेही नाही.

उदाहरण घेऊ. समजा, एक पूल पडला आणि सरकारने चौकशी समिती नेमली. याआधीही पूल पडलेत, समित्या नेमल्यात, अहवाल आलेत. माझं वाक्य असं होईल: ‘पूल टिकत नाहीत, चौकशीचे अहवाल मात्र टिकतात.’ या वाक्यात दोन जगं आहेत. कागदावर दोन याद्या करायच्या. पुलाच्या जगात खांब, कठडा, तडा, कोनशिला, फीत, कात्री, दुभाजक. समितीच्या जगात फाइल, गठ्ठे, शिक्के, मुदतवाढ, लांबलचक टेबल, अध्यक्ष, कपाट. आता एका यादीतली वस्तू दुसऱ्या जगात नेऊन ठेवायची.

पहिला रफ, म्हणजे कच्चं रेखाटन: कोसळणारा पूल आणि त्यावर मोठ्या अक्षरात ‘भ्रष्टाचार’. टोपलीत. हे चित्र नाही, पाटी आहे. दुसरा: मंत्री तुटलेल्या टोकावर उभा राहून फीत कापतोय. बरा आहे, पण आज आणखी चौघांना तोच सुचणार. पहिले दोन-तीन रफ सगळ्यांचे असतात, म्हणून ते काढून मोकळं व्हायचं आणि फेकायचं. तिसरा: समितीचे सदस्य पुलाखाली टेबल टाकून बसलेत आणि वरून दगड पडताहेत. हसू येतं, पण वाक्यातलं ‘अहवाल टिकतात’ कुठे गेलं? चौथा: कपाटातून अहवाल ओसंडताहेत. म्हणणं आलं, पण पूल गेला.

पाचव्या रफमध्ये दोन्ही याद्या एकमेकींत शिरल्या. पुलाचे सगळे खांब ढासळलेत. उरलेला अर्धा पूल एका उंच खांबावर उभा आहे, आणि तो खांब म्हणजे दोरीने बांधलेल्या अहवालांच्या गठ्ठ्यांची चळत. मंत्री तो पाहुण्यांना दाखवतोय. मी पहिल्यांदा खाली लिहिलं होतं: ‘बघा, बाकीचे सगळे खांब पडले तरी आमच्या चौकशी अहवालांच्या या खांबाला अजून तडासुद्धा गेलेला नाही!’ यातला ‘चौकशी अहवालांच्या’ हा भाग चित्रात दिसतोय, खोडला. ‘बाकीचे सगळे पडले’ हेही दिसतंय. उरलं ते ‘हा खांब मात्र भक्कम आहे!’ आणि ‘आहे’ही नको. हा खांब मात्र भक्कम! खाली एवढंच.

सगळ्या चांगल्या चित्रांच्या मागे अशी एखादी अदलाबदल असते. व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचं २० सप्टेंबर १९३९ चं लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मधलं चित्र घ्या. हिटलर आणि स्टॅलिन एका मृतदेहाच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून टोप्या काढून एकमेकांना लवून नमस्कार करताहेत, आणि त्याच अदबीने शिव्या देताहेत. शिष्टाचाराचं जग आणि खुनाचं जग. पोलंडची फाळणी समजावून सांगायला याहून कमी रेघा लागणार नाहीत.

आपल्याकडचे व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचं १० डिसेंबर १९७५ चं चित्रही याच जातीचं. आणीबाणीत राष्ट्रपती बाथटबमध्ये बसल्या बसल्या अध्यादेशावर सही करून कागद दाराबाहेर देताहेत, आणखी असतील तर जरा थांबायला सांगा म्हणताहेत. एकाही वस्तूवर नाव लिहिलेलं नाही.

वापरून वापरून पार झिजलेल्या वस्तूंची एक यादी भिंतीवर लावून ठेवा: बुडतं जहाज, तारेवरची कसरत, बुद्धिबळाचा पट, संगीतखुर्ची, कठपुतळ्या, घसरगुंडी. सक्त मनाई करायची गरज नाही. जहाजात नवीन भोक सापडलं तर जहाज जरूर काढा. पावणेपाचची ती खुर्ची मात्र मी फाडली.

चेहरा

नवीन नेता हाती लागायला दोन-तीन महिने लागतात, आणि तोपर्यंतची अर्कचित्रं जरा ओळखपत्रावरच्या फोटोसारखीच दिसतात. घाबरायचं कारण नाही. एका फोटोवरून कधीच काढू नका. फोटोत छायाचित्रकाराची नजर असते, तीच तुमच्या चित्रात येते. चलचित्रण पाहा, तेही आवाज बंद करून. माणूस ऐकताना तोंड कसं ठेवतो, माइक कसा धरतो, खोटं बोलताना खांदा कुठे जातो. मग एक दिवस जाऊ द्या आणि काहीही न पाहता आठवणीतून काढा. जे आठवलं ते त्याचं अर्कचित्र. जे विसरलं ते बहुधा नकोच होतं.

साम्य किती टप्प्यांत वितळवता येतं, याचा धडा १८३१ सालचा आहे. पॅरिसमधल्या नियतकालिकाचे प्रकाशक शार्ल फिलिपाँ यांच्यावर राजा लुई फिलिपच्या अवमानाचा खटला चालू होता. त्यांनी न्यायालयातच चार रेखाटनं दाखवली: पहिल्यात राजाचा चेहरा, चौथ्यात शुद्ध नाशपाती. यातलं नेमकं कितवं चित्र गुन्हा ठरतं, असा त्यांचा सवाल होता. शिक्षा टळली नाही, पण त्यानंतर फ्रान्समध्ये भिंतीवर कुणी नाशपाती काढली तरी ती राजाच असे. त्यांच्याच गोतावळ्यातले ओनोरे दोमिए यांना राजाला खादाड राक्षस दाखवल्याबद्दल १८३२ मध्ये तुरुंगात जावं लागलं. १८३५ मध्ये तर चित्रांवर पूर्वपरवानगीचा कायदाच आला.

कधीकधी चेहऱ्यापेक्षा एखादी वस्तू जास्त काम करते. व्यंगचित्रकार स्टीव्ह बेल यांनी ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर यांना पँटवर चड्डी घातलेले दाखवायला सुरुवात केली, सुपरमॅनसारखी पण केविलवाणी. ती मेजर यांना कायमची चिकटली. अमेरिकन व्यंगचित्रकार हर्ब्लॉक वर्षानुवर्षं निक्सनना खुरटी काळी दाढी काढत. निक्सन १९६८ ची निवडणूक जिंकल्यावर त्यांनी स्वतःला न्हाव्याच्या दुकानात उभं केलं आणि नव्या राष्ट्राध्यक्षाला एक दाढी फुकट करून द्यायची तयारी दाखवली. अशी वस्तू माणसाच्या वागण्यातून आली पाहिजे. रंग, जात, अपंगत्व, जन्मजात शरीर यांतून आणलेली वस्तू हा आळस आहे, आणि त्यातून त्याच्याविषयी काही कळतही नाही.

प्रत्येक नेत्याचा एक तक्ता ठेवा: समोरून, बाजूने, पाठमोरा, चिडलेला, हात जोडलेला. पाठमोरा ओळखू आला की समजा चेहरा बसला.

सामान्य माणसाचं कायमचं पात्र निर्माण करायचं का? आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन १९५१ पासून जवळजवळ काहीही न बोलता उभा राहिला. पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अली यांचा हंदाला हा लहान मुलगा १९७० च्या दशकात वाचकांकडे पाठ करून उभा राहिला तो वळलाच नाही. दोघांचंही बळ गप्प राहण्यात आहे. तुमचं पात्र रोज शेरे मारायला लागलं तर चित्राचा भार त्याच्यावर टाकून तुम्ही मोकळे होता, आणि सहा महिन्यांत तेही कंटाळतं, वाचकही.

रफ दाखवणं आणि ‘नाही’ ऐकणं

संपादकाकडे तीन रफ न्यावेत. एक नेला तर ते मागणं होतं, सहा नेले तर तुम्हालाच काही ठरवता आलेलं नाही हे कळतं. त्याआधी ज्याने ती बातमी दिली त्या वार्ताहराला दाखवा. हर्ब्लॉक ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये रफ घेऊन वार्ताहरांच्या टेबलांपाशी हिंडत, आणि ते काही नवखे नव्हते, त्या पत्रात त्यांनी १९४६ ते २००१ एवढा काळ काढला. वार्ताहर तपशील तपासतो. समोरचा हसला की नाही यापेक्षा किती सेकंदांनी हसला, ते पाहायचं. चार सेकंद लागले तर चित्रात कुठेतरी अडगळ आहे.

नकाराचे प्रकार असतात आणि कुठला मिळालाय ते तिथेच विचारून घ्यावं. ‘कळलं नाही’ असेल तर वाद घालू नका. वाचकाशेजारी बसून तुम्ही समजावणार नाही आहात. ‘कायद्यात अडकू’ असेल तर वकिलाचा नेमका आक्षेप विचारा. बऱ्याचदा एक शब्द बदलून काम होतं. ‘अभिरुचीला धरून नाही’ यावर एक रात्र झोपून बघता येतं. चौथा प्रकार क्वचितच शब्दांत येतो: मालकांना चालणार नाही.

या चौथ्याचा विचार नोकरी धरतानाच करायचा असतो. लो यांनी १९२७ मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये जाताना मतस्वातंत्र्य करारात लिहून घेतलं होतं, आणि मालकाच्या भूमिकेविरुद्ध वर्षानुवर्षं चित्रं काढली. इतकं वजन सगळ्यांकडे नसतं. अमेरिकन व्यंगचित्रकार अ‍ॅन टेलनेस यांच्या एका रफमध्ये बडे उद्योगपती ट्रम्प यांच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून बसले होते आणि त्यांत वृत्तपत्राचे मालकही होते. तो नाकारला गेला, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ सोडलं. त्या वर्षीचं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक, त्यांनाच मिळालं. सगळ्यांनी राजीनामे द्यावेत असं मी म्हणत नाही. मी दिलेला नाही. पण आपली रेषा कुठे आहे, ते शांत दिवशी ठरवून वहीत लिहून ठेवलं की तापलेल्या दिवशी भूमिका बदलत नाही.

नाकारलेले रफ तारखेनिशी जपून ठेवा. राजकारण गोल फिरतं. दोन वर्षांपूर्वीचा रफ फक्त चेहरा बदलून छापून आल्याचा अनुभव मला तीनदा आहे.

पक्कं चित्र

इथे घड्याळ जोरात धावतं, म्हणून क्रम पक्का हवा.

छपाईच्या आकाराच्या दीडपट मोठं काढा. लहान होताना रेघ सुबक दिसते, हात थरथरलेला लपतो. दुपटीपेक्षा मोठं गेलात तर बारीक रेघा लहान होताना नाहीशा होतात आणि दाट जाळीचा काळा चिखल होतो.

पेन्सिलीत पहिल्यांदा अक्षरं लिहा, चित्र नंतर. नवखे लोक आधी चित्र काढतात आणि मग फुग्यात शब्द कोंबतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असल्याने दोन ओळींमध्ये जास्त जागा लागते. ती सोडली नाही तर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर बसतो. आधी बोलणारा डावीकडे, उत्तर देणारा उजवीकडे. हे उलटं झालं तर विनोद आधी वाचला जातो आणि प्रश्न नंतर.

मग चित्रात एकच गडद जागा ठरवा, जिथे डोळा आधी गेला पाहिजे. पुलाच्या चित्रात ती अहवालांच्या खांबाची सावली. मंत्र्याचा कोट मोह पडूनही काळा करायचा नाही. डोळे किलकिले करून बघा: जे उरतं तेच चित्र. आरशात धरून बघा, कललेला चेहरा लगेच पकडला जातो.

शाई टाकाने, ब्रशने की टॅब्लेटवर, हा वाद मी घालत नाही. टॅब्लेटचा एकच धोका सांगतो. झूम करून तुम्ही मंत्र्याच्या बटणावर वीस मिनिटं घालवता आणि ते बटण छापून आल्यावर मुंगीएवढंही नसतं. दर दहा मिनिटांनी चित्र अंगठ्याएवढं करून बघायचं. कागदावरचं काळंपांढरं रेखाचित्र ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. रंगीत चित्र छपाईच्या आकारात ३०० असलं तरी पुरतं, पण सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत द्या आणि अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांत विभागलेली बारीक अक्षरं छपाई जरा सरकली की दुहेरी दिसतात.

शेवटी अक्षरं दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. ‘लोकशाही दिन’ असा फलक काढायचा होता, घाईत ‘लोकशाही दीन’ झालं. आमच्या उपसंपादकाच्याही नजरेतून सुटलं. दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचे अकरा फोन आले, काय मार्मिक कोटी केलीत म्हणून. मी सगळ्यांचे आभार मानले.

छापून आल्यावर

आता चित्र कागदावरून फोनवर जातं आणि तिथे ते कोण कापतं याचा भरवसा नसतो. माझं एक आडवं चित्र चौकोनी करताना उजवा भाग उडाला होता. डावीकडे नेता झाड लावत होता, उजवीकडे त्याचाच माणूस करवत घेऊन उभा होता. उरलं फक्त झाड लावणारं चित्र. नेत्याच्या कार्यालयाने ते कौतुकाने पसरवलं. आता चौकोनी आणि उभी आवृत्ती मी स्वतः करून देतो आणि सही कोपऱ्यात न करता चित्राच्या आत, एखाद्या दगडावर किंवा बुटाशी करतो, म्हणजे कापून काढता येत नाही.

चूक तथ्याची असेल तर दुरुस्ती लगेच आणि उघडपणे द्या. मतावरचा राग अंगावर घ्या. प्रतीक वापरताना मात्र त्याचा इतिहास आधी तपासा. एप्रिल २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत आलेल्या एका चित्रात इस्रायलच्या पंतप्रधानांना गळ्यात डेव्हिडचा तारा हे ज्यूंचं प्रतीक असलेला कुत्रा दाखवलं होतं. ज्यूद्वेषी चित्रपरंपरेशी असलेलं त्याचं नातं प्रसिद्धीआधी कुणी ओळखलं नाही. माफी मागितली गेली, आणि १ जुलै २०१९ पासून त्या आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रंच बंद झाली. एका चित्राची किंमत चित्र न काढलेल्यांनीही मोजली.

कायदा आपापल्या देशाचा वाचा: बदनामी, राष्ट्रीय प्रतीकं, धार्मिक भावना, न्यायालयाचा अवमान. ऐकीव माहितीवर राहू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये एका विडंबन-जाहिरातीच्या खटल्यात सार्वजनिक व्यक्तींवरच्या बोचऱ्या थट्टेला संरक्षण दिलं आणि निकालपत्रात व्यंगचित्रांच्या परंपरेचा दाखला दिला. भारतात २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली, पुढे तो आरोप मागे घेण्यात आला. कायद्याच्या पलीकडचं तर वेगळंच. नाजी अल-अली यांच्यावर १९८७ मध्ये लंडनच्या रस्त्यात गोळी झाडली गेली. सीरियन व्यंगचित्रकार अली फरझात यांना २०११ मध्ये दमास्कसमध्ये पकडून हात मोडेपर्यंत मारलं. पॅरिसमधल्या ‘शार्ली एब्दो’ या व्यंगसाप्ताहिकाच्या कचेरीवर ७ जानेवारी २०१५ रोजी झालेल्या हल्ल्यातल्या १२ मृतांमध्ये ५ व्यंगचित्रकार होते.

म्हणून धमकी आली की तिला चेष्टेवारी नेऊ नका. पडद्याचं चित्र जतन करा, वेळ लिहा, कचेरीत लेखी कळवा, पोलिसांना कळवायचं ते संस्थेमार्फत. रात्री एकट्याने उत्तर देत बसू नका. घराचा पत्ता, रोजची वाट, मुलांचे फोटो जाहीर ठिकाणी नकोत.

पोटापाण्याचं

पगारी जागा झपाट्याने कमी होताहेत. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रसमूहाने तीन पुलित्झरविजेत्या व्यंगचित्रकारांना एकाच दिवशी घरी बसवलं. तेव्हा मुक्त काम करण्याची तयारी पहिल्यापासून हवी. करारात या गोष्टी शब्दांत लिहून घ्या: मूळ चित्र कुणाचं (तुमचं), एकदा छापण्याचा हक्क दिलाय की कायमचा, डिजिटल आणि पुस्तकातल्या वापराचं वेगळं मानधन, मागवून नाकारलेल्या पक्क्या चित्राचे पैसे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोटीस आली तर वकिलाचा खर्च कोण करणार. हे शेवटचं कलम मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून ती जागा कशी आहे ते बरंचसं कळतं.

एकच चित्र निरनिराळ्या भागांतल्या चार लहान पत्रांना देणं, वर्षाचा संग्रह, प्रदर्शन, मूळ चित्रांची विक्री, मुलांच्या कार्यशाळा, पुस्तकांची चित्रं, असं जोडत जोडत घर चालतं. राजकीय पक्षाच्या प्रचाराचं काम मात्र मी घेत नाही. पैसे बरे असतात, पण नंतर त्याच पक्षावर काढलेलं चित्र उधारी फेडल्यासारखं दिसतं.

मनगट आणि मान यांच्याकडे पन्नाशीत नाही, पंचविशीत लक्ष द्या. फळी तिरकी ठेवा, रेघ बोटांनी न ओढता कोपरापासून ओढा, तासाला उठा.

आणि मूळ चित्राच्या मागे तारीख, घटना आणि त्या दिवशीचा मथळा पेन्सिलीने लिहून ठेवा. स्कॅनच्या नावातही तारीख आधी घाला. माझ्याकडे सुरुवातीच्या काळातलं एक चित्र आहे. दोन पुढारी एका बादलीत वाकून बघताहेत, मागे तिसरा छत्री उघडून उभा आहे, आणि खाली लिहिलंय, ‘यंदाही तसंच!’ त्या चित्रावर लोक पोट धरून हसले होते, एवढं मला पक्कं आठवतं. बादलीत काय होतं, ते आठवत नाही. मागे काहीच लिहिलेलं नाही.